शुभेच्छांचा सहकार

स्टेशनरीच्या दुकानात २२ बाय २८ इंचांचा कार्डशीटचा मोठा ताव मिळतो. तो नीट आखून कापला, तर साडेपाच बाय सात इंचांचे बरोबर सोळा तुकडे निघतात आणि कागदाची चिंधीही उरत नाही. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेतीन इंचांचं भेटकार्ड तयार. एका तावात सोळा माणसांची दिवाळी होते. दुकानातल्या एखाद्या जाडजूड छापील कार्डाला जेवढे पैसे मोजावे लागतात, त्याहून कमी पैशांत हा अख्खा ताव घरी येतो.

पण एकट्या माणसाला हे स्वस्त पडत नाही. कागदाचे पैसे थोडेच असतात. खर्च होतो तो बाकीच्या सामानावर: लोखंडी पट्टी, चांगली कात्री, कटर, रंगांचा डबा, सोनेरी पेन, गोंद, पाकिटं. चार कार्डांसाठी हे सगळं विकत घ्यायचं, चार कार्डं करायची आणि उरलेलं कपाटात टाकून द्यायचं, तर प्रत्येक कार्ड दुकानातल्यापेक्षा महाग पडतं. हौसेनं सुरू केलेला हा उद्योग अनेक घरांत एका दिवाळीपुरताच टिकतो, त्याचं कारण हे आहे.

यावरचा तोडगा आमच्या नगर जिल्ह्याला नव्यानं शिकवायची गरज नाही. दोन-चार एकर ऊस असलेला शेतकरी एकट्यानं साखर कारखाना काढू शकत नव्हता. लोणीच्या परिसरातल्या अशा शेतकऱ्यांना विठ्ठलराव विखे पाटील यांनी एकत्र आणलं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठावर सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. यंत्रं सगळ्यांची, ऊस ज्याचा त्याचा. हाच हिशेब सतरंजीवर पसरलेल्या कागद-कात्रीलाही तंतोतंत लागू पडतो. गेली काही वर्षं आम्ही मैत्रिणी दिवाळीची, नाताळची आणि संक्रांतीची भेटकार्डं अशीच करतो. साधनं सामाईक, मजकूर मात्र जिचा तिचा. कमी खर्चातलं चांगलं कार्ड या दोन गोष्टींवर उभं राहतं, हे आता मी खात्रीनं सांगू शकते.

आधी घर धुंडाळायचं

बाजारात जाण्याआधी प्रत्येकीनं आपल्या घरातला एक कप्पा उपसायचा, हा आमचा पहिला नियम. सगळ्यांत मोठा खजिना निघतो तो लग्नपत्रिकांचा. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा साचतो. कागद जाड आणि घट्ट असतो, कडेला सोनेरी वेलबुट्टी असते, आतलं पान बहुतेक वेळा एका बाजूनं कोरं. मागच्या कोऱ्या भागातून कार्डाचा पाया निघतो, वेलबुट्टीतून किनार.

इथे एक अडचण दर वेळी येते. कात्री हातात घेतली की कुणीतरी म्हणतंच, "अगं, थांब! त्यावर गणपती आहे." ही भावना मला मोलाची वाटते. म्हणून आम्ही आधी गणपतीचं चित्र अलगद सोडवून घेतो आणि उरलेलीच पत्रिका कापतो. सोडवलेली ती चित्रं पुढे गृहप्रवेशाच्या, बारशाच्या, मुंजीच्या शुभेच्छांवर मानानं विराजमान होतात. नावं आणि तारखा असलेला भाग मात्र कार्डात वापरायचा नाही. दुसऱ्याच्या लग्नाचा मजकूर आपल्या शुभेच्छेत डोकावता कामा नये.

पत्रिकांच्या खालोखाल नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, साडीचं खोकं, मिठाईच्या डब्याचं झाकण आणि जुनी कॅलेंडरं. भिंतीवरच्या कॅलेंडराच्या पानांची पाकिटं फार देखणी होतात. 'कालनिर्णय'च्या पानाच्या मागे पाककृती नाहीतर एखादा लेख असतो. ती बाजू वर ठेवून पाकीट चिकटवलं, तर ज्याच्या हाती पडेल तो आधी पाकीटच वाचत बसतो. पत्त्यासाठी त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी लावायची, म्हणजे अक्षर ठळक दिसतं.

मग येते झाडांची पाळी. पितृपक्षात पिंपळाची पानं पाण्यात भिजत घातली, अधूनमधून पाणी बदललं आणि तीन-चार आठवड्यांनी मऊ ब्रशनं हळूहळू गर काढला, की दिवाळीपर्यंत पानाची जाळी हाती येते. दसऱ्याला सोनं म्हणून वाटलेली आपट्याची पानं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. ती त्याच रात्री जाड पुस्तकात दाबून ठेवावीत. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं आणि मधोमध दुमडलेलं असतं, जणू निसर्गानंच केलेलं भेटकार्ड. या पानांसाठी नव्यानं फांद्या तोडायच्या नाहीत. घरी आलेलं सोनं पुरेसं असतं. नगर आणि पारनेरकडे शेवंती-झेंडूची शेती आहे, त्यामुळे सणाच्या बाजारानंतर सुटी फुलं सहज मिळतात. झेंडूची पाकळी एकेक सुटी करून दाबावी. अख्खं फूल दाबलं तर आत ओल राहते आणि बुरशी धरते.

खळ, डिंक आणि हळद

चिकटवण्यासाठी विकतच्या गोंदाची बाटली हवीच असं नाही. जुने बाइंडर खळ वापरत. मैदा थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर, तकाकी येईपर्यंत ढवळत शिजवायचा. बाइंडर किडीपासून बचावासाठी त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्यानं मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत तो घालू नये. त्याऐवजी रोज थोडी ताजी खळ करावी. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात विरघळवला की पातळ कागदासाठी उत्तम गोंद मिळतो, आणि आपल्या कोरडवाहू शिवारात बाभळीला तोटा नाही. खळ असो वा डिंक, थर अगदी पातळ हवा. ओल जास्त झाली की कागद फुगतो आणि सुकताना वाकडा होतो. चिकटवलेलं कार्ड दोन पुस्तकांमध्ये दाबून रात्रभर ठेवलं, तर ते सपाट राहतं.

दुमडीकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. कागदातले तंतू एका दिशेनं पसरलेले असतात. त्या दिशेला समांतर दुमडलं तर घडी स्वच्छ पडते, आडवं दुमडलं तर कड फाटल्यासारखी खरबरीत होते. ताव हातात धरून आधी लांबीला, मग रुंदीला हलकेच वाकवून पाहायचा. ज्या बाजूला तो सहज वळतो, ती त्याची दिशा. त्यानंतर शाई संपलेल्या बॉलपेननं पट्टीच्या कडेनं एक दाबरेघ ओढायची आणि मगच दुमडायचं. घरच्या कार्डाला दुकानासारखी सफाई येते ती या एका रेघेनं, आणि तिला पैसाही लागत नाही.

रंगांसाठी स्वयंपाकघर आहे. हळदीच्या पाण्यानं झळझळीत पिवळा मिळतो आणि त्यात चुन्याची निवळी पडली की तोच लालसर होतो. उकळलेल्या चहाचं पाणी कागदाला जुन्या पोथीचा रंग देतं. गेरू डिंकाच्या पाण्यात कालवला तर तांबडामातकट रंग घट्ट बसतो. हळदीचा रंग उन्हात विटतो, हे लक्षात ठेवून तो कार्डाच्या आतल्या बाजूला वापरावा. भेंडीचा आडवा काप म्हणजे आयतं फूल. अर्ध्या बटाट्यावर पणती कोरली की तिचे ठसे दुपारभर उमटवता येतात. ठसा उमटवण्याआधी बटाट्याचं पाणी फडक्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर रंग पसरतो.

हातकागद विकत न घेता घरीही करता येतो. आपल्या शेजारचं जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही हातकागदाची जुनी ठिकाणं. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. आपण त्या कारागिरीची बरोबरी करणार नाही, पण वहीची संपलेली पानं रात्रभर भिजवून, मिक्सरमधून काढून, तो लगदा चाळणीवर पसरून आणि कापडावर उलटा करून वाळवला, तर जाडसर, खडबडीत, सुंदर कागद मिळतो. या लगद्यात बी मिसळलं की कार्ड वाचून झाल्यावर कुंडीत पेरता येतं.

बियांचं कार्ड अकोले तालुक्याच्या जिल्ह्यात व्हायलाच हवं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला आणि मूठभर बियाण्याचं मोल शहरांनाही कळलं. कार्डासाठी माठ, तुळस, झेंडू असं बारीक बी घ्यावं. ते मिक्सरमध्ये घालायचं नाही. लगदा पसरल्यावर वरून भुरभुरायचं आणि हलक्या हातानं दाबायचं. कागद सावलीत पण वाऱ्यावर लवकर वाळवावा. दोन दिवस ओला राहिला तर बी तिथेच रुजतं. त्यावर इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेनं बी मरतं.

सतरंजीवरची कामवाटणी

आमच्या गटात एक जण शिवणकाम करते. तिचा हात इतका सरळ चालतो की मोजणं आणि कापणं तिच्याकडेच असतं. दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची अक्षरं फळ्यावर घोटलेली, म्हणून 'शुभ दीपावली' ती लिहिते. एकीला चित्रकला येत नाही, पण पाकिटं ती अशी चिकटवते की चारही कोपरे एका रेषेत बसतात. मुलांना ठसे आणि पाकळ्या. ब्लेड आणि कटर मोठ्यांच्याच हाती.

या वाटणीचा फायदा कामाच्या वेगापुरता नाही. 'मला चित्र काढता येत नाही' असं म्हणून बाजूला बसणारी बाई या सतरंजीवर उरतच नाही. दहा कामांतलं एक काम प्रत्येकीला उत्तम येतंच आणि कार्डाला दहाही कामं लागतात. वर्गणी अगदी थोडी काढतो. त्यातून एकच वस्तू चांगल्यातली घ्यायची, असं ठरलेलं आहे. एका वर्षी लोखंडी पट्टी, पुढच्या वर्षी कात्री, त्याच्या पुढच्या वर्षी सोनेरी पेनं. हे सामान एका डब्यात राहतं आणि डबा दर वर्षी वेगळ्या घरी जातो. भिशीचा नंबर लागावा तसा डब्याचा मान असतो. ज्या घरी डबा, त्या घरी पुढची बैठक आणि चहा.

शाळांना हा उपक्रम फार सोयीचा आहे. मोठा ताव सोळा मुलांत जातो, भेंडी-बटाटा पोषण आहाराच्या भाजीतून उरतो, खळ शाळेतच शिजते. मापन, समांतर रेषा, अपूर्णांक हे सगळं त्याच दुपारी हाताखालून जातं. मुख्य म्हणजे मुलाला पहिल्यांदा कळतं की आपण केलेली वस्तू कुणीतरी जपून ठेवू शकतं.

थोडक्या भांडवलाची मोठी कामं

इंग्लंडमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं पहिलं विक्रीचं कार्ड करून घेतलं. कोल कामात बुडालेले होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहायला त्यांना सवड नव्हती. हजार प्रती छापल्या, किंमत एक शिलिंग. त्या काळच्या कामगाराला ती परवडणारी नव्हती. छापील कार्डाचा जन्म असा वेळ वाचवण्यासाठी झाला. हाताच्या कार्डात आपण तोच वेळ कुणासाठी तरी मुद्दाम खर्च करतो.

१९४९ साली युनिसेफनं आपलं पहिलं भेटकार्ड काढलं. त्यावरचं चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या यित्का साम्कोव्हा या मुलीचं. महायुद्धानंतर गावाला मिळालेल्या मदतीबद्दल तिनं ते आभारासाठी काढलं होतं आणि कागद मिळत नसल्यामुळे काचेवर रंगवलं होतं. जगभर गेलेल्या कार्डांच्या परंपरेची सुरुवात अशी, कागदाच्या टंचाईतून.

आपल्याकडचं उदाहरण मैत्रीचं आहे. १९७९ साली मुंबईत रिप्पन कपूर या विमानसेवेत नोकरी करणाऱ्या तरुणानं सहा मित्रांसह, ५० रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' ही संस्था सुरू केली. वंचित मुलांच्या कामासाठी पैसा उभा करायचा, तर त्यांनी भेटकार्डं विकली. पुढे कित्येक मराठी घरांत दिवाळीला आणि नव्या वर्षाला 'क्राय'चीच कार्डं जात. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांच्या सहकाऱ्यांनी, समाजानं नाकारलेल्या कुष्ठमुक्त आणि अपंग हातांनी भेटकार्डं बनवली आणि ती महाराष्ट्रभर पोचली. ज्यांच्या हातून काही घेऊ नये असं लोक मानत, त्यांच्याच हातच्या शुभेच्छा लोकांनी घरात मांडून ठेवल्या. एका कार्डानं केलेलं याहून मोठं काम मला माहीत नाही.

'क्राय' आणि आनंदवन या दोघांकडेही पैसा कमी होता आणि माणसं होती. म्हणून साधेपणा हा मला या कार्डाचा दोष वाटत नाही. सामान कमी असलं की प्रत्येक पान, प्रत्येक पट्टी विचार करून लावावी लागते, आणि तो विचार कार्डावर दिसतो. चमकी, मणी, रिबिनी यांचा ढीग समोर असला की हात थांबत नाही आणि कार्ड गजबजून जातं.

टपालपेटीपर्यंतचा हिशेब

कार्ड पाठवायचं तर वजनाचं गणित आधी करायला हवं. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमसाठी ५ रुपयांचं तिकीट लागतं आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला पुन्हा ५ रुपये. २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला २५० ग्रॅम) कागदाचं आपलं सोळा-तुकडी कार्ड साधारण सहा ग्रॅम भरतं. पाकिटासह दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पानं-फुलं लावायला भरपूर वाव. त्याच तावाचे आठ तुकडे करून दुप्पट कार्ड केलं, तर नुसतं कार्डच बारा ग्रॅमच्या वर जातं, पाकिटासह ते सीमेला टेकतं आणि दोन आरसे चिकटवले की तिकिटाचा खर्च दुप्पट. लहान कार्ड कागदात, पाकिटात आणि तिकिटात अशा तिन्ही ठिकाणी पैसे वाचवतं. पाकीट मात्र १४ बाय ९ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. टिकल्या, मणी, हलव्याचे दाणे टपालात पाठवू नयेत. शिक्क्याच्या फटक्यानं ते फुटतात आणि हलव्याला मुंग्या लागतात. तिळगूळ हाती द्यावा, टपालानं शब्द पाठवावेत.

ज्यांना इतकाही खर्च नको, त्यांच्यासाठी पोस्टकार्ड आहे. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आलं, पाव आण्याला. आजही ते ५० पैशांना मिळतं. त्याच्या अर्ध्या बाजूवर भेंडीचं एक फूल आणि चार ओळी यांहून स्वस्त शुभेच्छा या देशात नाही.

पिन कोड न चुकता लिहावा. श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातून आलेल्या संस्कृत कवी-अधिकाऱ्यानं ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. आपल्या जिल्ह्याला तिची विशेष गरज आहे. नगर शहर ४१४००१, श्रीगोंदा ४१३७०१, संगमनेर ४२२६०५, कोपरगाव ४२३६०१. एका जिल्ह्यात चार निरनिराळ्या सुरुवाती. संगमनेरच्या मैत्रिणीचं पत्र ४२२ या नाशिकच्या आकड्यांनी सुरू होणाऱ्या वाटेनं जातं. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या सवयीनं कुणी अहमदनगर लिहिलं तरी पिन बरोबर असला की पत्र घरी पोचतं.

आतली बाजू

बाहेरच्या सजावटीत सगळ्यांचे हात लागतात. आतली बाजू एकटीनं लिहायची, हा आमचा शेवटचा नियम. त्या वेळी सतरंजीवरचं बोलणं थांबतं आणि प्रत्येक जण आपापला कोपरा धरते.

आमच्या नगर शहरातल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ साली मौलाना आझाद नेहरू-पटेलांसह कैदेत होते. तिथे ते नवाब सद्र यार जंग या आपल्या मित्राला पत्रं लिहीत. ती टपालात पडू शकत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी लिहिली: चहाविषयी, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांविषयी, मनात चाललेल्या विचारांविषयी. १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावानं पुस्तकरूपात आली. नगरच्या किल्ल्यात लिहिलेलं हे उर्दू गद्य आजही वाचलं जातं, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य एका विशिष्ट माणसाशी बोलतं.

भेटकार्डातली ओळ अशीच हवी. 'ही दिवाळी आपणांस सुखसमृद्धीची जावो' ही ओळ कुणालाही पाठवता येते, म्हणून ती कुणाचीच नसते. तिच्याखाली निदान एक वाक्य असं असावं, जे त्या एकाच माणसाला लागू पडेल. 'आजारपणात तू रोज डबा आणून दिलास, ते मी विसरले नाही.' 'काका, तुम्ही शिकवलेली सायकल मी आता मुलीला शिकवतेय.' 'बाई, तुम्ही वहीवर दिलेला शेरा अजून जवळ आहे.' अशा वाक्याला ना सोनेरी पेन लागतं ना जाड कागद. फोनवर आलेला चकचकीत संदेश आपण पुढे ढकलतो तो त्यात आपलं नाव नसतं म्हणून, आणि असं वाक्य कुणी पुढे ढकलू शकत नाही.

म्हणून यंदा कार्डं करायला बसाल तेव्हा यादी आधी करा आणि ती लहान ठेवा. सोळा नावांचा ताव सोळाच माणसांसाठी असतो. यादीत एक तरी नाव असं घ्या, ज्याला आपण कधी काही लिहिलेलं नाही: दूधवाले काका, दवाखान्यातल्या सिस्टर, गावी राहिलेली आत्या, भांडण होऊन दुरावलेली मैत्रीण. पट्टी, कात्री, खळ, रंग हे शेजारणीबरोबर वाटून घ्या. त्यानं खर्च उतरतो आणि दुपार भरून जाते. मात्र ते एक वाक्य कुणाकडून उसनं घेऊ नका. तेवढं आपल्या पदरचं असलं, तर आठ आण्यांचं पोस्टकार्डही कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत, वर्षानुवर्षं जपलं जातं.